चौक कुणासाठी, हे सभागृहात ठरू द्या

बेंगळुरूच्या पूर्वेला पसरलेल्या महादेवपुऱ्यात चौक हा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. कुठला सिग्नल काढायचा, कुठे भुयारी मार्ग खणायचा, कुठले वळण बंद करायचे, पायी जाणाऱ्याने रस्ता कुठून ओलांडायचा, यावर तिथले लोक वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. पण हे भांडण जिथे व्हायला हवे ते सभागृहच पाच वर्षांहून अधिक काळ रिकामे राहिले. बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजी संपली. १९८ नगरसेवक पायउतार झाले आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. वॉर्डांची संख्या कागदावर आधी २४३, मग २२५ झाली आणि निवडणूक पुढे ढकलली जात राहिली. २ सप्टेंबर २०२५ रोजी जुनी महापालिका जाऊन ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि त्याखाली पाच महापालिका आल्या. महादेवपुरा आणि के. आर. पुरम हे दोन विधानसभा मतदारसंघ मिळून बेंगळुरू पूर्व महापालिका झाली आणि तिचे ५० वॉर्ड ठरले. या साऱ्या काळात चौकांची कामे मात्र थांबली नव्हती. भुयारी मार्ग खुले झाले, वळणे बंद झाली, मेट्रोचे खांब उभे राहिले. निर्णय होत होते, पण ते का घेतले याचा जाब विचारण्याची आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेण्याची सोय नव्हती. चौकाचा आराखडा निवडून आलेल्या सभागृहात, सगळे पर्याय आणि आकडे समोर ठेवून, उघड मतदानाने मंजूर व्हायला हवा, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी होणारा वाद हा कामाचाच एक टप्पा आहे, आणि तो टाळला की त्याची किंमत पुढे रस्त्यावर मोजावी लागते.

चौकाची सुधारणा हा अभियंत्यांचा विषय आहे, लोकप्रतिनिधींनी त्यात पडू नये, असे पुष्कळांना वाटते. पण चौकात मुळात वेळेची आणि जागेची वाटणी होत असते. चार रस्त्यांच्या चौकात सिग्नलचा एक फेरा १२० सेकंदांचा धरला, तर हे १२० सेकंद चार दिशांची वाहने आणि पायी चालणारे यांच्यात वाटायचे असतात. रस्ता २४ मीटर रुंद असेल आणि माणूस सेकंदाला १.२ मीटर या वेगाने चालत असेल, तर त्याला पलीकडे जायला २० सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा वेग ०.८ मीटर धरला, तर ३० सेकंद लागतात. हे जास्तीचे दहा सेकंद वाहनांच्या वाट्यातून काढायचे की त्या माणसाने जीव मुठीत धरून पळायचे, याचे उत्तर कुठल्याही सूत्रातून निघत नाही. बसचेही तसेच आहे. वाहतूक अभियंते एक बस साधारण तीन मोटारींच्या बरोबरीची धरतात. त्या बसमध्ये ६० माणसे असू शकतात, तर तीन मोटारींत मिळून बहुधा पाच-सहाच. वाहने मोजली तर चौकाचा एक आराखडा निघतो, माणसे मोजली तर दुसराच. अभियंता दोन्ही आराखडे बिनचूक काढून देईल. त्यातला कुठला निवडायचा हे शहराने कुणाला आधी वाट द्यायचे ठरवले आहे यावर अवलंबून आहे, आणि शहराच्या वतीने असे ठरवण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्यांचा आहे.

ही निवड उघडपणे न केल्याने काय होते, हे पाहायला महादेवपुऱ्यासारखी जागा नाही. बेंगळुरूचा सुमारे ६० किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता बेंगळुरू विकास प्राधिकरणाने बांधला. जड वाहतूक शहराबाहेरून जावी हा त्याचा मूळ हेतू होता. पुढे त्याच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना सॉफ्टवेअर कंपन्यांची संकुले उभी राहिली आणि वळसा घालून जाण्यासाठी केलेला रस्ताच लाखो लोकांचे रोज पोहोचण्याचे ठिकाण झाला. यावर उपाय म्हणून के. आर. पुरम ते सिल्क बोर्ड हा पट्टा सिग्नलमुक्त करायचे ठरले. महादेवपुरा, दोड्डनेकुंदी, कडुबीसनहळ्ळी, देवरबीसनहळ्ळी अशा एकामागून एक चौकांत मुख्य रस्ता पुलावर चढवण्यात आला. आज हा पट्टा देशातल्या सर्वांत कुप्रसिद्ध कोंडीच्या रस्त्यांपैकी एक आहे. कारण सोपे आहे. नळाची तोटी मोठी केली तरी पुढचा पाइप तेवढाच असेल, तर पाणी पुढे जाऊन तुंबतेच. एका चौकातून सुटलेली वाहने पुढच्या अरुंद जागी, सेवा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो तिथे किंवा के. आर. पुरमजवळच्या टिन फॅक्टरी चौकाच्या तोंडाशी येऊन थांबतात. टॉमटॉम या कंपनीच्या २०२३ च्या पाहणीत बेंगळुरू जगातल्या सर्वांत संथ शहरांत सहावे होते. तिथे दहा किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होती. सातव्या क्रमांकावर पुणे होते, २७ मिनिटे ५० सेकंदांसह. दोन्ही शहरांनी गेल्या वीस वर्षांत उड्डाणपुलांवर भरपूर पैसा ओतला आहे. तेव्हा पुढचा पूल मंजूर करण्यापूर्वी आधीच्या पुलांनी काय दिले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

याच पट्ट्यावर वेगळी वाटही चोखाळली गेली होती. २०१९ च्या अखेरीस सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम या मार्गावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली. कडेने खुंट उभारून बसची वाट वेगळी काढली गेली. नवा पूल, भूसंपादन असे काही त्यासाठी लागले नव्हते. आहे त्याच डांबरावर जास्त माणसे नेणाऱ्या वाहनाला पहिला हक्क दिला, एवढाच तो बदल होता. त्यानंतर कोरोनाची साथ आली. मग केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२१ मध्ये मेट्रोच्या सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम या मार्गाला मंजुरी दिली, रस्त्याच्या मधोमध काम सुरू झाले आणि बसची मार्गिका विरून गेली. मेट्रो हवीच होती, याबद्दल दुमत नाही. पण रस्ता सर्वांत अरुंद झालेल्या त्या वर्षांतच बसला अग्रक्रम देण्याची गरज सर्वाधिक होती. मार्गिका ठेवायची की काढायची, ठेवायची तर कुठल्या भागात, यावर महापालिकेच्या सभागृहात चर्चा होण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण सभागृहच नव्हते. बसने जाणाऱ्या हजारो लोकांच्या वतीने प्रश्न विचारणारा एकही नगरसेवक त्या वेळी पदावर नव्हता. ज्यांचा आवाज मुळात क्षीण असतो त्यांच्या सोयी अशाच, कुणी विरोधात मत न देताही, नाहीशा होतात.

भुयारी मार्ग आणि पूल यांच्या मागची बाजूही इथे तपासता येते. व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंदलहळ्ळीचा भुयारी मार्ग काही वर्षांच्या रखडपट्टीनंतर जून २०२२ मध्ये खुला झाला, आणि काही महिन्यांतच त्याच्या लगतचा रस्ता खचला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला झालेल्या पावसाने महादेवपुऱ्याच्या कितीतरी वसाहती पाण्याखाली गेल्या. तलावांना जोडणारे जुने नाले, ज्यांना तिथे राजकालुवे म्हणतात, जागोजागी बुजले किंवा अडवले गेले होते. अशा भूभागात जमिनीखाली रस्ता नेणे म्हणजे पाण्याच्या निचऱ्याची कायमची जबाबदारी अंगावर घेणे आहे. २१ मे २०२३ रोजी मध्य बेंगळुरूतल्या के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात पावसाचे पाणी भरले, मोटार अडकली आणि २२ वर्षांच्या एका तरुणीचा बुडून मृत्यू झाला. राज्याच्या विधानसौधापासून हाकेच्या अंतरावर हे घडले. त्यापूर्वीचे उदाहरण के. आर. पुरमच्या केबलवर तोललेल्या पुलाचे. २००३ मध्ये तो झाला तेव्हा रेल्वेमार्ग ओलांडण्याची अडचण दूर होणार म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले होते. पण त्याच्या तोंडाशी बाह्यवळण रस्ता आणि जुना मद्रास रस्ता एकत्र येतात. बस थांबे, रेल्वे स्थानक आणि आता मेट्रो स्थानकही तिथेच आहे. पूल चांगला होता, पण त्याच्या दोन्ही टोकांच्या चौकांचा विचार पुलाइतका नीट झाला नाही. त्याचे परिणाम दोन दशके लोक भोगत आहेत.

अशा चुकांसाठी एखाद्या अभियंत्याला दोष देऊन प्रश्न सुटणार नाही. एका चौकात बेंगळुरूत किती यंत्रणांचे हात असतात ते पाहा. रस्ता महापालिकेचा, पूल कदाचित विकास प्राधिकरणाचा, महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, खांब मेट्रो महामंडळाचे, जलवाहिनी पाणीपुरवठा मंडळाची, विजेच्या तारा वीज कंपनीच्या, बस परिवहन महामंडळाच्या आणि सिग्नल वाहतूक पोलिसांचे. या साऱ्यांना एका टेबलाभोवती बसवण्यासाठी कर्नाटक विधिमंडळाने २०२२ मध्ये बेंगळुरू महानगर भू-परिवहन प्राधिकरणाचा कायदा केला. समन्वयासाठी तो गरजेचाच होता. पण अधिकाऱ्यांचा समन्वय आणि लोकांपुढची जबाबदारी या वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाचे अध्यक्षपदही मुख्यमंत्र्यांकडे आहे, म्हणजे मोठे निर्णय राज्य सरकारच्या पातळीवरच होणार. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते आणि पूल हा विषय नगरपालिकांच्या कामांमध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणुका व्हाव्यात, हेही घटनेतच आहे. हे सारे बाजूला राहिले की वाद मिटत नाही, फक्त त्याची जागा बदलते. २०१६ मध्ये बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ हा ६.७ किलोमीटरचा पोलादी उड्डाणपूल विकास प्राधिकरणामार्फत पुढे रेटला गेला. खर्च सुमारे १,७९१ कोटी रुपये होता आणि शेकडो झाडे जाणार होती. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो नागरिकांनी रस्त्यावर मानवी साखळी केली आणि मार्च २०१७ मध्ये सरकारला प्रकल्प मागे घ्यावा लागला. जे प्रश्न आराखडा कागदावर असताना सभागृहात विचारायचे, ते लोकांना रस्त्यावर उतरून विचारावे लागले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटू नये, कारण आपली शहरेही याच वाटेने गेली आहेत. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मधील मतदानापर्यंत तिथे प्रशासकच होते. याच काळात अंधेरीतला गोखले पूल नव्याने बांधला गेला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंची जुळत नसल्याचे सगळ्या मुंबईने पाहिले. ती जोडणी व्हायला पुढचे काही महिने लागले. पुण्यात चांदणी चौकाचे सुमारे ८६५ कोटींचे काम ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले. वाहनांसाठी पूल आणि रॅम्पांचे जाळे तयार झाले, पण पायी महामार्ग ओलांडणाऱ्यांची सुरक्षित सोय आधी झालीच नाही, ती नंतर मागावी लागली. सभागृह असतानाही चुका झाल्या, हेही मान्य केले पाहिजे. पुणे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २००६ मध्ये बांधला गेला आणि मेट्रोच्या आड येतो म्हणून जुलै २०२० मध्ये पाडला गेला. पुलाचे आयुष्य अनेक दशकांचे धरतात, हा चौदा वर्षेच टिकला. मात्र त्याच पुण्यात निवडून आलेल्या महापालिकेच्या काळात, २०१६ मध्ये, पादचारी धोरण स्वीकारले गेले. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, बसायला जागा झाली, झाडे जपली गेली. मोटारींची जागा कमी करून पायी चालणाऱ्यांना देण्याचा निर्णय कुठल्याही शहरात सोपा नसतो. तो टिकला, कारण धोरण जाहीर होते, त्यावर वाद झाला होता आणि त्याचे पालकत्व घेणारे लोक पदावर होते.

या मागणीवरचा पहिला आक्षेप नगरसेवकांविषयीचा आहे. सभागृहात आराखडा नेला की टक्केवारी, ठेकेदारी आणि वॉर्डांची ओढाताण सुरू होते, काम वर्षानुवर्षे लटकते, असे लोक म्हणतात, आणि हा अनुभव खोटा नाही. कोरमंगलातला ईजीपुरा उड्डाणपूल सभागृह अस्तित्वात असताना, २०१७ मध्ये सुरू झाला आणि अर्धवट खांबांच्या रूपात वर्षानुवर्षे उभा राहिला. पण त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहावी. ठेकेदाराचा करार रद्द झाला तो २०२२ मध्ये, म्हणजे प्रशासकांच्या काळात, आणि प्रशासक असूनही काम झटपट पुरे झाले नाही. रखडण्याचे कारण सभागृह असते तर त्याच्या गैरहजेरीत वेग यायला हवा होता. शिवाय बेंगळुरूच्या महापौराची मुदत जुन्या कायद्यात अवघी एक वर्ष होती. एका वर्षात कुठलाही महापौर एखादा चौक नियोजनापासून पूर्णत्वापर्यंत नेऊ शकत नाही. नव्या व्यवस्थेत ही मुदत अडीच वर्षांची आहे, ही सुधारणाच म्हटली पाहिजे. भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येते आणि त्याचे मत इतिवृत्तात सापडते. बंद दालनात झालेल्या निर्णयामागे कुणाचे हितसंबंध होते, हे शोधायला माहितीच्या अधिकारात अर्ज करत बसावे लागते. दोष दोन्हीकडे असू शकतात, पण ते पकडण्याची साधने एकाच बाजूला आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सभागृह म्हणजे स्थानिक मतदार, आणि चौक वापरणारे सगळे स्थानिक नसतात. महादेवपुऱ्यातून रोज जाणाऱ्यांत शहराच्या दुसऱ्या टोकाचे कामगार, कोलारकडून येणारे मालवाहू ट्रक, आणि देशभरातून आलेली, पुणे-नाशिक-कोल्हापूरची तरुण मंडळीही असतात. यांतल्या कित्येकांचे नाव तिथल्या मतदारयादीत नसते. मग दारासमोरचे वळण वाचवण्यासाठी स्थानिक रहिवासी सगळ्या शहराचे काम अडवणार नाहीत का? असा धोका आहे, आणि म्हणूनच चर्चा माणसांच्या मोजणीवर आधारलेली हवी. चौकातून पायी किती गेले, बसने किती, दुचाकीवर किती, हे कागदावर आले की मतदारयादीत नसलेला माणूसही निदान आकड्यांच्या रूपाने सभागृहात हजर राहतो. त्याला याहून चांगले स्थान आज कुठेही मिळत नाही. व्हाइटफील्ड रायझिंगसारखे नागरिकांचे गट २०१३ पासून या भागात रस्ते, मेट्रो आणि तलाव यांसाठी झटत आहेत. त्यांच्या चिकाटीने बऱ्याच गोष्टी झाल्या. पण संगणक आणि इंग्रजी हाताशी असलेल्या रहिवाशांची निवेदने अधिकाऱ्यांपर्यंत जितक्या सहज पोहोचतात, तितकी बांधकामावरच्या मजुराची, घरकाम करणाऱ्या बाईची किंवा चौकात भाजी विकणाऱ्याची पोहोचत नाहीत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना नगर पथविक्रेता समितीत प्रतिनिधित्व दिले आहे. चौकाच्या आराखड्यावर त्या समितीचे मत आधीच घेतले, तर उद्घाटनानंतर हातगाड्या उचलण्याची पाळी येत नाही.

तिसरा आक्षेप घाईचा. शहर गुदमरते आहे, कंपन्या कंटाळल्या आहेत, आणि तुम्ही चर्चा कसल्या करता, असे विचारले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्लॅकबक या कंपनीच्या प्रमुखांनी बाह्यवळण रस्त्यावरचे कार्यालय हलवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा खड्डे आणि प्रवासाचा वेळ हीच कारणे सांगितली. लोकांची चीड रास्त आहे. जुन्या महापालिकेच्या आठ विभागांमध्ये मालमत्ता करात सातत्याने सर्वांत मोठा वाटा देत आलेल्या महादेवपुऱ्याला तर ती अधिकच शोभते. पण घाईचा खरा उपाय मोठ्या बांधकामात सापडेलच असे नाही. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या सुमारे १७ किलोमीटरच्या बोगद्यासाठी १७ हजार कोटींहून अधिक खर्चाची योजना पुढे आली आहे, आणि तो झाला तरी व्हायला बरीच वर्षे लागणार. सिग्नलच्या वेळा बदलणे, बस थांबा चौकाच्या तोंडापासून पुढे सरकवणे, डावीकडे वळणाऱ्यांसाठीचा सुसाट कोपरा आवळून वेग कमी करणे, मधोमध पादचाऱ्यांना थांबायला बेट करणे, सलग पदपथ बांधणे, ही कामे महिन्यांत होतात आणि चुकली तर बदलता येतात. उशीर चर्चेमुळे क्वचित होतो. जागा ताब्यात नसताना निविदा काढणे, जमिनीखालच्या वाहिन्यांचा नकाशा नसणे आणि ठेकेदाराची देयके थकणे यांमुळे तो होतो. यांतली पहिली दोन कारणे सभागृहातल्या एका सरळ प्रश्नाने आधीच उघडी पडली असती.

या प्रश्नात माणसांचे जीव गुंतलेले आहेत, हे वेगळे सांगायला हवे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली. त्यांतले ३२,८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे दर पाच मृतांमागे जवळपास एक. दुचाकीवरचे ७४,८९७ होते. मोटारीच्या सोयीसाठी केलेला चौक या दोन्ही गटांना अधिक उघड्यावर टाकतो. सिग्नल काढला की वाहने थांबत नाहीत, आणि वाहने थांबली नाहीत तर रस्ता ओलांडायला वेळच उरत नाही. पादचारी पुलाचा जिना चढून उतरणे म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, अपंगांना शक्य होत नाही, म्हणून लोक दुभाजक ओलांडून जातात आणि मग बेशिस्तीचे खापर त्यांच्याच डोक्यावर फुटते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. हा हक्क रस्त्यावर उतरवायचा तर प्रत्येक चौकाच्या आराखड्यात पहिली रेघ पादचाऱ्याची ओढावी लागेल.

म्हणून बेंगळुरू पूर्व महापालिकेच्या पहिल्या सभागृहाने, आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या आपल्या महाराष्ट्रातल्या सभागृहांनीही, चौकांसाठी एक पक्का नियम करावा. कुठल्याही यंत्रणेचे काम असो, ठरावीक खर्चाच्या वरचा चौकाचा प्रकल्प निविदेपूर्वी सभागृहासमोर यावा. त्याच्यासोबत किमान तीन पर्याय असावेत, आणि त्यांतला एक पूल किंवा भुयार न बांधता करण्याचा असावा. मोजणी वाहनांची नव्हे, माणसांची असावी, आणि ती सकाळ, दुपार, संध्याकाळ वेगवेगळी असावी. पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाणार, भुयारी मार्ग असेल तर पंप कुणी आणि किती वर्षे चालवायचे, हे लिहिलेले असावे. जिथे शक्य आहे तिथे रंग, खुंट आणि तात्पुरते दुभाजक लावून काही आठवडे प्रयोग करावा आणि त्याचे आकडे जाहीर करावेत. वॉर्ड समितीची सुनावणी स्थानिक भाषेत, कामावरून सुटलेल्या माणसाला येता येईल अशा वेळी व्हावी. वादाला वेळेची मर्यादा असावी, म्हणजे तीन महिन्यांत सभागृहाने होय किंवा नाही म्हणावे आणि कुणी काय मत दिले हे नावानिशी नोंदवावे. काम पूर्ण झाल्यानंतर एका वर्षाने तीच मोजणी पुन्हा करून तिचा अहवाल त्याच सभागृहात मांडावा. या शेवटच्या अटीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण आपल्याकडे पुलाचे उद्घाटन होते, पण पुलाने काय साधले याचा हिशेब कधी मांडला जात नाही.

यातले काहीही खर्चिक नाही. मोजणी करायला विद्यार्थी आणि कॅमेरे पुरेसे आहेत, आणि ज्ञानाची तर बेंगळुरू-पुण्यासारख्या शहरांत वाणच नाही. उणीव आहे ती निर्णय उघड्यावर घेण्याच्या सवयीची. मोठ्या शहरांनी आपली जुनी निवड बदलल्याचे दाखले आहेत. सोल शहराने २००३ ते २००५ या काळात मध्यवस्तीतला उन्नत महामार्ग पाडून त्याखाली गाडलेला चोंगग्येचॉन ओढा मोकळा केला. व्यापाऱ्यांचा तीव्र विरोध होता, त्यांच्याशी हजारो बैठका आणि वाटाघाटी झाल्या, बससेवा त्याच काळात नव्याने बांधली गेली. तो प्रश्न त्या शहराच्या महापौरपदाच्या निवडणुकीत उघडपणे मांडला गेला होता, आणि जो निवडून आला त्याच्यावर तो तडीस नेण्याची जबाबदारी होती. महादेवपुऱ्याच्या मतदाराला हे इतकेच मागता यायला हवे. कुंदलहळ्ळी असो, टिन फॅक्टरी असो किंवा होप फार्म, आपल्या चौकात कुणाला किती वेळ मिळणार हे कुणी ठरवले, त्याचे नाव त्याला ठाऊक असले पाहिजे. निर्णय चुकला तर पुढच्या मतदानात त्या नावावर शिक्का मारायचा की नाही, एवढा हक्क तरी त्याच्या हातात राहिला पाहिजे. बेंगळुरू पूर्वच्या नगरसेवकांनी हा नियम आपल्या पहिल्या वर्षातच ठरावाच्या रूपात मंजूर करावा, आणि पुण्या-मुंबईच्या नगरसेवकांनी त्यांच्याआधी.